ईबी-वन-ए साठी घेतलेल्या वकिलाचा रिव्ह्यू: मांडणी फर्स्टक्लास, पत्रं बंडल

आधी निकाल सांगते, ज्यांना घाई आहे त्यांनी इथूनच सटकावं. ईबी-वन-ए म्हणजे अमेरिकेच्या ग्रीन कार्डाची असामान्य कर्तृत्ववाल्यांसाठीची कॅटेगरी, आणि आय-140 म्हणजे त्यासाठीचा अर्ज. माझी आय-140 मंजूर झाली, मधे एक आरएफई (आणखी पुरावे मागणारी सरकारी नोटीस) येऊन गेली, वकिलाची फी साडेसात हजार डॉलर, आणि माझ्याकडून पाचापैकी साडेतीन स्टार. फर्मचं नाव टाकत नाहीये, कृपया मेसेजमधे विचारू पण नका. ह्या धंद्यातल्या बऱ्याच फर्म एकाच साच्यातल्या आहेत, फुकट प्रोफाइल इव्हॅल्युएशन, फ्लॅट फी, वेबसाइटवर अप्रूव्हलचे भलेमोठे आकडे, आणि खाली बारीक अक्षरात अटी. तुम्ही कुणाकडेही गेलात तरी खाली लिहिलंय त्यातलं निम्मं तुमच्या वाट्याला येणारच आहे.

माझी पार्श्वभूमी थोडक्यात. राहुरीच्या कृषी विद्यापीठातून एमएस्सी, विषय वनस्पती रोगशास्त्र, प्रबंध डाळिंबाच्या तेल्या रोगावर. मग अमेरिकेत पीएचडी, पोस्टडॉक, आणि आता एका स्टेट युनिव्हर्सिटीत टोमॅटोच्या बॅक्टेरियल स्पॉटवर काम करते. सोलापूर-सांगोल्याचा तेल्या आणि इकडचा टोमॅटोचा डाग, दोन्हीकडे जंतू एकाच कुळातला, झॅन्थोमोनास, त्यामुळे आयुष्यभर एकाच खानदानाच्या मागे लागलेली बाई असं आमचे हे म्हणतात. माझी पोस्ट ग्रँटवरची आहे. म्हणून ईबी-वन-बी, म्हणजे आउटस्टँडिंग प्रोफेसर किंवा रिसर्चरवाला रस्ता मला बंद, त्याला एम्प्लॉयरनं अर्ज करावा लागतो आणि नोकरी पर्मनंट स्वरूपाची लागते. ईबी-वन-ए ला एम्प्लॉयर लागत नाही, स्वतःचा अर्ज स्वतः करता येतो, फक्त तुम्ही तुमच्या क्षेत्रातल्या अगदी वरच्या मूठभर लोकांत मोडता हे सिद्ध करायचं. फक्त!

आता कुणीतरी विचारणार की एनआयडब्ल्यू (नॅशनल इंटरेस्ट वेव्हर, हा पण एम्प्लॉयरशिवायचा रस्ता) असताना हा उपद्व्याप कशाला. माझी एनआयडब्ल्यू 2020 ची मंजूर होऊन पडलेलीच होती, पण ती ईबी-टू मधे येते आणि मी हे सगळं करत होते तेव्हा भारतात जन्मलेल्यांसाठी ईबी-टू ची तारीख, म्हणजे रांगेत कुठवरच्या अर्जांचा नंबर आलाय ती, 2013 च्या आसपास रेंगाळत होती. ईबी-वन ची फेब्रुवारी 2022 ला होती. आणि नियम असा आहे की आधीच्या मंजूर आय-140 ची प्रायॉरिटी डेट (रांगेतली आपली तारीख) नव्या ईबी-वन ला वापरता येते. म्हणजे माझी 2020 ची तारीख उचलून ईबी-वन च्या रांगेत नेली की नंबर आलेलाच. हे गणित ज्यांचं जुळतं त्यांच्यासाठी ईबी-वन-ए सोन्यासारखी आहे. ज्यांची पहिलीच आय-140 आहे त्यांनी मात्र मंजुरी आली की लगेच ग्रीन कार्ड असं धरून चालू नये, भारताची ईबी-वन सुद्धा अडकलेली आहे, ऑगस्ट 2023 मधे तर ती थेट जानेवारी 2012 ला मागे गेली होती आणि भल्याभल्यांना घाम फुटला होता. दरवर्षी सगळ्या नोकरीवाल्या कॅटेगरी मिळून साधारण 1,40,000 व्हिसा आणि एका देशाला 7 टक्क्यांची मर्यादा, मग काय होणार. इव्हॅल्युएशनच्या कॉलवर सेल्सवाला ही गोष्ट आपणहून सांगत नाही, मला पण नाही सांगितली.

हां, तो कॉल. सीव्ही पाठवला, तिसऱ्या दिवशी उत्तर, "स्ट्राँग केस". माझ्या ऑफिसातल्या एका मुलानं पण पाठवला होता, त्याचे दोन पेपर, त्यालाही "स्ट्राँग केस". ह्यावरून काय ते समजून घ्या. आणि ती "मंजूर नाही तर पैसे परत" वाली गॅरंटी, कॉन्ट्रॅक्ट वाचा हो, परत मिळते ती वकिलाची फी, सरकारी फी नाही, शिवाय नाकारल्यावर आधी त्यांना एकदा पुन्हा फाइल करायचा हक्क आहे असं माझ्या कॉन्ट्रॅक्टमधे होतं.

आता मुख्य मुद्द्यावर येते, त्यांनी नक्की काय केलं.

नियमात दहा निकष आहेत, त्यातले किमान तीन बसवायचे. नोबेलसारखं एखादं मोठं आंतरराष्ट्रीय बक्षीस असेल तर ह्या दहांची भानगडच नाही, पण मग तुम्ही हा रिव्ह्यू वाचत बसला नसता. दहातले चित्रप्रदर्शन आणि नाटक-सिनेमाचा गल्ला हे दोन आपल्यासाठी बाद. जास्त पगार हा पण एक निकष आहे, युनिव्हर्सिटीत काम करतो म्हटल्यावर तो आपसूकच गळतो. उरतात बक्षिसं, निवडक संस्थांची मेंबरशिप, तुमच्याबद्दल छापून आलेलं, दुसऱ्यांच्या कामाचं परीक्षण, मोठ्या महत्त्वाचं मूळ योगदान, पेपर, आणि नावाजलेल्या संस्थेत महत्त्वाची भूमिका. संशोधक माणसाचे पेपर आणि पीअर रिव्ह्यू हे दोन जवळपास घरचेच, सगळी मारामारी तिसऱ्यासाठी असते आणि तो तिसरा बहुतेकदा "मोठ्या महत्त्वाचं योगदान" हाच.

पण तीन बसले म्हणजे झालं असं अजिबात नाही. 2010 मधे कझारियन नावाच्या एका भौतिकशास्त्रज्ञाच्या केसमधे कोर्टाचा निकाल आला, तेव्हापासून दोन पायऱ्या आहेत. पहिल्यांदा निकष मोजायचे, मग सगळा पुरावा एकत्र बघून ठरवायचं की हा माणूस खरंच वरच्या थरातला आहे का आणि त्याचं नाव टिकून आहे का. गंमत म्हणजे त्या केसमधे कोर्ट म्हणालं की पेपर आणि परीक्षण ह्या निकषांत इमिग्रेशन ऑफिसनं नियमात नसलेल्या अटी घुसडल्या, तरी कझारियन हरलाच, कारण तिसरा निकष बसला नाही. त्याच्या बाजूनं प्राध्यापकांची पत्रं होती, कोर्टानं ती पुरेशी मानली नाहीत. पत्रांचा हा किस्सा लक्षात ठेवा, पुढे कामाला येतो.

पहिलं काम, पुरावे गोळा करणं. इथं फर्म झकास. त्यांची चेकलिस्ट इतकी बारीक होती की सुरुवातीला वैताग आला, पण प्रत्येक गोष्टीला कारण होतं. उदाहरणार्थ पीअर रिव्ह्यू. रिव्ह्यू करा म्हणून आलेलं आमंत्रण चालत नाही, रिव्ह्यू केल्याचा पुरावा लागतो, म्हणजे जर्नलच्या सिस्टिममधून येणारी ती "आपण केलेल्या परीक्षणाबद्दल आभारी आहोत" वाली मेल. मी त्या वर्षानुवर्षं बिनधास्त डिलीट करणाऱ्यांपैकी नाही म्हणून वाचले. पॅरालीगल (वकिलाची मदतनीस) मुलीनं त्या तारखेनुसार लावल्या, प्रत्येक जर्नलची माहिती जोडली, एडिटरकडून एक ओळीचं कन्फर्मेशन मागवायला लावलं. शेवटी जे पुस्तक तयार झालं ते बघून मला लग्नातलं रुखवत आठवलं, प्रत्येक वस्तू मांडलेली, प्रत्येकीसमोर चिठ्ठी, आणि आलेल्या पाहुण्याला काहीही विचारावं लागणार नाही अशी सोय. वाचणारा ऑफिसर नेब्रास्का नाहीतर टेक्सासच्या सर्व्हिस सेंटरमधे बसलेला असतो, त्याला झॅन्थोमोनास म्हणजे काय हे माहीत असायचं काहीच कारण नाही, आणि ही फर्म हे कधी विसरली नाही. पाच ओळींत माझं काम त्यांनी जसं लिहिलं तसं मला आजवर ग्रँटच्या अर्जात पण लिहिता आलं नव्हतं.

सायटेशनवर, म्हणजे दुसऱ्यांनी त्यांच्या पेपरांत तुमच्या पेपरचा संदर्भ किती वेळा दिला त्यावर, सगळ्यांचा जीव अडकलेला असतो, किती लागतात, किती लागतात. नुसत्या आकड्याला अर्थ नाही. मशीन लर्निंगवाल्या पोराचे दोन वर्षांत होतात तेवढे आमच्या क्षेत्रातल्या माणसाचे रिटायर होईपर्यंत होत नाहीत, म्हणून त्याच क्षेत्रात, त्याच वर्षी छापलेल्या पेपरांच्या तुलनेत तुमचा पेपर कुठं बसतो ते दाखवायचं. क्लॅरिव्हेट नावाच्या कंपनीची टेबलं असतात त्यासाठी, क्षेत्रवार, वर्षवार, वरचे 1 टक्का, 10 टक्के वगैरे. इथं एक घोळ घातला त्यांनी. माझे पेपर जंतूंवर म्हणून पहिल्या ड्राफ्टमधे सगळे मायक्रोबायोलॉजीच्या टेबलाशी लावले, तिथं सायटेशन मुळात जास्त, त्यामुळे मी सर्वसाधारण दिसत होते. त्या टेबलांत जर्नलनुसार क्षेत्र ठरतं आणि माझी बरीच जर्नल्स प्लँट अँड अॅनिमल सायन्समधे येतात, तिथं तेच पेपर एकदम वरच्या कप्प्यात गेले. मी सांगितल्यावर लगेच बदललं, वाद घातला नाही, पण मी बघितलं नसतं तर तसंच गेलं असतं. ड्राफ्ट वाचायला कंटाळू नका एवढंच म्हणते. तुमचं क्षेत्र तुम्हालाच ठाऊक.

तुमच्याबद्दल छापून आलेलं ह्या निकषासाठी मी एका मराठी दैनिकाच्या जिल्हा पुरवणीतलं कात्रण पाठवलं होतं, तेल्यावरच्या कामाबद्दलचं, आईनं लॅमिनेट करून ठेवलेलं. त्यांनी नको म्हणून सांगितलं आणि कारण पटलं. नियमात मथळा, तारीख आणि लेखकाचं नाव तिन्ही लागतं, आणि आपल्याकडच्या पुरवण्यांत नावाच्या जागी नुसतं "वार्ताहर". शिवाय बातमी चर्चासत्राबद्दल होती, माझ्याबद्दल दोन ओळी. वर इंग्रजी भाषांतर, भाषांतर करणाऱ्याचं सर्टिफिकेट, खपाचे आकडे, एवढा खटाटोप करून हाती काय तर ऑफिसरला खोड काढायला जागा. ज्यांच्याकडे मोठ्या दैनिकात लेखकाच्या नावासकट स्वतःवरचा अख्खा लेख आहे त्यांनी जरूर लावावं, मराठी असलं म्हणून काही बिघडत नाही.

एवढी अक्कल इथं दाखवली आणि मग मेंबरशिपमधे माती खाल्ली. ह्या निकषाला अशी संस्था लागते जी मोठं काम बघून, तज्ज्ञांकडून पारखून सभासद करते, म्हणजे आयट्रिपलई ह्या इंजिनिअरांच्या संस्थेत फेलो चालेल, साधा मेंबर नाही. माझी मेंबरशिप वार्षिक वर्गणी भरली की मिळणारी. मी दोनदा लिहून कळवलं की हे काढा. त्यांचं म्हणणं, निकष जितके जास्त तितकं चांगलं. मेंबरशिप आणि महत्त्वाची भूमिका धरून पाच निकषांचा दावा केला. आरएफई मधे ऑफिसरनं बरोब्बर तीच दोन कमजोर पानं पकडून धुतली.

आणि पत्रं. अरे देवा, पत्रं. पद्धत अशी की तुम्ही पत्र देणाऱ्यांची यादी द्यायची, ड्राफ्ट फर्म करते, समोरचा बदल करून सही करतो. ह्यात गैर काही नाही, सगळीकडे असंच चालतं. पण सहा पत्रं आली आणि सहाही एकाच माणसानं एका बैठकीत लिहिल्यासारखी. राहुरीचे माझे सर, वय पंच्याहत्तरच्या पुढे, त्यांना ड्राफ्ट पाठवला तर संध्याकाळी फोन.

"पोरी, ह्यात मी तुला जगातल्या मोजक्या शास्त्रज्ञांपैकी एक म्हटलंय."

म्हटलं, "सर, वकील असंच लिहितात, तुम्हाला हवं ते बदला."

"बदलतो की. मला जगातलं काय ठाऊक? मी जे पाहिलं तेच लिहीन. चालेल ना त्यांना?"

आणि सरांनी दीड पान लिहिलं, मृग बहारातल्या बागांमधून पानं कशी गोळा केली, जंतू वेगळा करायची जुनी पद्धत किती दिवस घ्यायची, माझ्या पद्धतीनं त्यात काय फरक पडला, आणि पुढच्या विद्यार्थ्यांनी ती कशी वापरली. एकही विशेषण नाही. फर्मला ते "फारच साधं" वाटलं, त्यांनी परत त्यात "रिमार्केबल" घुसडलं, सरांनी परत काढलं. मी सरांच्या बाजूनं. सर माझे गाइड, त्यामुळे त्यांच्या पत्राचं वजन तसं कमी धरतात, ज्यांनी तुमच्याबरोबर कधी काम केलेलं नाही त्यांच्या पत्राला जास्त किंमत, पण लिहायचं कसं ते सरांच्या पत्रात होतं. उरलेल्या पाचांत तीन ठिकाणी तेच वाक्य शब्दशः, आणि ते माझ्या नवऱ्यानं पकडलं, जो बँकेत कामाला आहे.

फाइल केली प्रीमियमनं, म्हणजे लवकर उत्तर मिळावं म्हणून जादा फी भरून. तेव्हाचे आकडे: आय-140 ची फी 715 डॉलर, स्वतः अर्ज करणाऱ्याला असायलम प्रोग्राम फी 300, आणि प्रीमियम 2,805. फी बदलत असते, भरायच्या आधी साइटवर बघा. प्रीमियममधे 15 कामकाजाच्या दिवसांत काहीतरी कळतं, पण त्या "काहीतरी"त आरएफई पण येते हे ध्यानात ठेवा. माझी तशीच आली. पेपर मान्य, परीक्षण मान्य, मेंबरशिप अमान्य, महत्त्वाची भूमिका अमान्य, आणि योगदानाबद्दल, थोडक्यात, काम मूळ आहे हे दिसतं, पण ह्या क्षेत्रावर त्याचा मोठा परिणाम झाला हे दिसत नाही. पत्रांतली भाषा एकसारखी असल्याचा शेरा पण होता. नवऱ्यानं माझ्याकडे पाहिलं, काही बोलला नाही, शहाणा आहे.

पण ह्या आरएफईच्या उत्तरासाठी मी फर्मला अर्धा स्टार वाढवून दिलाय. तोवर केस पॅरालीगल बघत होती, आता मुख्य वकीलबाई स्वतः आल्या, आणि पहिल्या कॉलवर त्यांनी मला सायटेशनबद्दल काहीच विचारलं नाही. विचारलं, तुमची पद्धत कोण वापरतं? मी म्हटलं काही डायग्नोस्टिक लॅब वापरतात, शेतकरी पानं पाठवतात तिथं. "मग हे पहिल्या पानावर का नाही?" मी म्हटलं तुमच्याच चेकलिस्टमधे असा रकाना नव्हता. हसल्या. मग दोन कमजोर निकष सरळ सोडून दिले आणि सगळा जोर एकावर. दुसऱ्या राज्यातल्या एका लॅबच्या प्रमुख बाई, ज्यांना मी कधी भेटलेली नाही, त्यांचं पत्र, आधी काय पद्धत होती, कधी बदलली, का बदलली. सोबत त्या लॅबच्या कामाच्या लेखी पद्धतीचं पान, माझ्या पेपरचा उल्लेख पिवळ्या हायलाइटमधे. दोन राज्यांच्या एक्सटेन्शन (कृषी विस्तार) विभागांची शेतकऱ्यांसाठीची पत्रकं, त्यात माझ्या निष्कर्षावरून दिलेला सल्ला. आणि सायटेशनपैकी जिथं कुणी नुसतं कंसात नाव न टाकता परिच्छेदभर आमची पद्धत वापरून पुढचं काम केलं होतं, तेवढीच पानं. बाकी शेकडो सायटेशनची यादी त्यांनी मागे ढकलली.

दोन गोष्टी त्यांनी वेळेवर सांगितल्या ज्या कुणाच्याही कामी येतील. एक, आरएफई ला उत्तर एकदाच देता येतं, मिळेल तसं तुकड्यातुकड्यानं पाठवता येत नाही. मुदत जास्तीत जास्त 12 आठवड्यांची असते, ती पूर्ण वापरली तरी चालते, उगाच घाई करू नये. दुसरं, पात्रता फाइल केलेल्या तारखेची बघतात. माझा एक चांगला पेपर फाइल केल्यानंतर छापून आला, मला वाटलं लावू, त्या म्हणाल्या उपयोग नाही. लॅबचं पत्र नंतरच्या तारखेचं चाललं कारण त्यात सांगितलेली गोष्ट आधीची होती.

उत्तर गेल्यावर प्रीमियमचं घड्याळ परत पहिल्यापासून, आणि मग मंजुरी. मंजुरीच्या कागदावर कारणं नसतात, त्यामुळे नक्की कशानं काम झालं ते वकील पण छातीठोक सांगू शकत नाही, जो सांगतो त्याच्यापासून लांब राहा.

बाकी तक्रारी किरकोळ. मधेच पॅरालीगल बदलली आणि नवीला सगळं पहिल्यापासून समजवावं लागलं. पोर्टलवर अपलोड केलेली फाइल दोनदा गायब. हप्ते करून दिले हे चांगलं. फोन उचलतात, ते पण चांगलं.

हल्ली मिळणाऱ्या "प्रोफाइल बिल्डिंग" पॅकेजबद्दल पण लिहून टाकते कारण ह्या फर्मनं नाही पण दुसऱ्या दोन ठिकाणांनी मला ते विकायचा प्रयत्न केला. पैसे भरून अवॉर्ड, पैसे भरून जजची खुर्ची, पैसे भरून लेख. कुठल्या तरी हॉटेलात काचेची ट्रॉफी घेऊन काढलेले फोटो व्हॉट्सॅपवर पाहिले असतीलच. नादी लागू नका, ऑफिसरला पण आता ही बक्षिसं ओळखू येतात, आणि त्या एका बक्षिसापायी तुमचे खरे पेपर पण संशयात जातात. पैसेच असतील तर सप्टेंबर 2025 पासून सरकारनंच गोल्ड कार्ड काढलंय, 10 लाख डॉलर देणगी द्या, ती ह्याच कॅटेगरीत पुरावा म्हणून धरतात. निदान पावती तरी मिळते.

कुणी घ्यावी ही सर्व्हिस? ज्यांचं काम कुणीतरी प्रत्यक्ष वापरतंय पण ते कागदावर कसं आणायचं कळत नाही, त्यांनी घ्यावी. पत्रांचे ड्राफ्ट मात्र स्वतःकडे घ्या, प्रत्येकाला कोणती गोष्ट स्वतः पाहिलीय तेवढं विचारा आणि तेवढंच लिहायला सांगा. ज्यांच्याकडे वेळ आहे, लिहायचा हात बरा आहे आणि नियम वाचायचा कंटाळा नाही, त्यांनी स्वतःच करायला हरकत नाही, माझ्या ओळखीत केलेत लोकांनी. आणि कॉन्ट्रॅक्ट करताना आरएफईचं उत्तर त्याच फीमधे आहे का आणि ते कोण लिहिणार, वकील की पॅरालीगल, हे लेखी घ्या. माझ्या कॉन्ट्रॅक्टमधे ते होतं, नाहीतर मुख्य वकीलबाईंच्या तासाचा दर बघून मी आरएफई स्वतःच लिहायला बसले असते.